घळीपलीकडची फांदी

एका डोंगराळ जंगलात, खोल घळीच्या काठावरच्या उंबरावर, एक लहानखुरी वानरी राहत असे. एकदा फांदीवरून पडल्यापासून तिचा मागचा पाय आखडला होता. घळीपलीकडच्या ऐनाच्या झाडावर सगळा कळप एका उडीत जाई. ती मात्र खाली उतरून, दगडधोंड्यांतून वळसा घालून पोचे. म्हणून रोज सकाळी कोवळ्या उन्हात ती पाय लांब करून बसे आणि बोटांकडे वाके. आधी हात गुडघ्यांपाशीच अडत. हळूहळू ते घोट्यांपर्यंत गेले आणि मग एकदाचे बोटांना टेकले. फांद्याफांद्यांतून ती आता लांब उड्या घेई. घळीवरून उडी घेण्याचे धाडस मात्र होत नव्हते.

शेजारी एक थोराड वानर उंबरे खात पसरलेला असे. "काय गं, पाय ताणून उंट होणार आहेस का?" तो खिदळे. "उडी रक्तातच असावी लागते. ही घळ मी डोळे मिटून ओलांडली आहे!"

"कधी, काका?"

"ते... जाऊ दे. तुला काय करायचंय?"

एका दुपारी कळप पलीकडे गेला होता. उंबरावर ही दोघेच होती. अचानक खोडावर नखे खरवडल्याचा आवाज आला. बिबट्या वर चढत होता! उतरायची वाट बंद झाली.

"काका, उडी मारा!"

वानर उठला, पण त्याचे गुडघे वाकेनात. "थांब, मीही आधी तुझ्यासारखं..." म्हणत त्याने घाईघाईने पाय ताणला आणि कळ येऊन तो किंचाळला. बिबट्या दोनच फांद्या खाली होता.

वानरीने खाली पाहिले. घळीचा तळ दिसत नव्हता. तिने श्वास सोडला, अंग सैल केले आणि झेप घेतली. ऐनाची फांदी हाती आली! लगेच मागच्या पायांनी फांदी घट्ट धरून ती उलटी लोंबकळली. तिने हात लांब केला, आणखी लांब केला. "आता, काका!"

वानराची उडी तोकडी पडली. तो कोसळणार, तोच वानरीच्या बोटांनी त्याचे मनगट पकडले. मागे बिबट्याचा पंजा नुसत्या हवेत फिरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऐनावर दोघे शेजारी बसली होती. वानराचे हात गुडघ्यांपाशीच अडले होते.

"उद्या टेकतील ना गं बोटांना?"

"नाही, काका."

"मग परवा?"

"घाईने ताणू नका. फक्त रोज या."

तात्पर्य : रोज थोडे थोडे ताणलेले अंग संकटात साथ देते, संकट समोर आल्यावर केलेली घाई कामाला येत नाही.