तहानलेला गवा

माणसांनी आखाडे बांधण्याच्या कितीतरी आधी रानात प्राण्यांचे खेळ भरत. एका वर्षी गवा मैदानात येऊन अंग ताणून नुसताच उभा राहिला. शीर न् शीर उठून दिसावी म्हणून त्याने कालपासून पाण्याला तोंड लावलं नव्हतं. त्याचे पाय थरथरत होते.

शर्यत जिंकून आलेलं हरीण म्हणालं, "हा धावला नाही, झुंजला नाही. हा कसला खेळ?"

पंच असलेल्या कासवाने विचारलं, "गव्या, तुझी झुंज कुणाशी रे?"

गव्याने सुकल्या ओठांवरून जीभ फिरवली. "तो पलीकडे ओढा खळखळतोय ना, त्याच्याशी."

कासव घाबरून ओरडलं, "जिंकलास बाबा! जा, आधी पाणी पी!"

पण गव्याला पाऊल उचलता येईना. मग हरीणच पुन्हा धावलं, तोंडात पाणी भरून आणायला.