तळ न पाहिलेले तळे

पुष्कळ वर्षांपूर्वी, किती ते आता कोणालाच सांगता येणार नाही, एका डोंगराच्या पायथ्याशी एक राज्य होते. डोंगरावर दाट रान होते आणि खाली मोठे तळे. रान पाऊस धरून ठेवी, झऱ्यांतून तो हळूहळू तळ्यात उतरे, आणि त्या एका तळ्यावर सगळी राजधानी आणि भोवतालची शेते जगत.

त्या राज्यात दोन जुने नियम होते. डोंगरावरच्या रानाला कुऱ्हाड लावायची नाही, हा पहिला. दुसरा असा, की दर उन्हाळ्यात प्रत्येक घरातल्या एका माणसाने तीन दिवस तळ्यातला गाळ उपसायचा. राजवाडाही त्यातून सुटलेला नव्हता. लोक कुरकुरत, पण करीत.

मग गादीवर एक तरुण राजा आला. तो दुष्ट नव्हता. आपण सगळ्यांना आवडावे, एवढीच त्याला हौस होती. पहिल्याच उन्हाळ्यात त्याने लोकांची कुरकुर ऐकली आणि दवंडी पिटवली, की गाळ उपसण्याची सक्ती आजपासून बंद. लोकांनी त्याला खांद्यावर घेऊन मिरवले.

तळ्याची राखण लिंबाजी नावाचा एक म्हातारा करी. तो दरबारात गेला आणि हुकूम मागे घ्या म्हणून हात जोडून उभा राहिला. राजाने त्याला सज्जात नेले आणि काठोकाठ भरलेले तळे दाखवले.

"महाराज, तुम्ही पाणी बघता, मी तळ बघतो," लिंबाजी म्हणाला. "वरून तळं दरवर्षी एवढंच दिसेल. खालून ते भरत चाललंय."

"मी आहे तोवर पाणी पुरेल ना?"

"तुम्हाला पुरेल, महाराज. तुमच्या लेकीला पुरणार नाही."

राजाची लेक तेव्हा रांगत होती. राजा हसला आणि म्हणाला, की तोवर काहीतरी मार्ग निघेल.

काही वर्षांनी लोकांना मोठी घरे बांधायची होती. राजाने डोंगरावरचे रान खुले केले. लिंबाजी पुन्हा दरबारात आला, तेव्हा राजाला बोलावेच लागले नाही. लोकांनीच हुर्यो करून म्हाताऱ्याला बाहेर काढले. त्याच्या जागी दुसरा राखणदार नेमला गेला. तो दर महिन्याला दरबारात येऊन तळे भरले असल्याचे सांगे, आणि ते खरेच असे. लिंबाजी त्याच पावसाळ्यात वारला. राजाने पुढे तीस वर्षे राज्य केले, आणि तो गेला तेव्हा तीन दिवस कोणाच्या घरी चूल पेटली नाही.

त्याची लेक राणी झाली. तिच्या पहिल्याच पावसाळ्यात उघड्या डोंगरावरून पाणी चिखल घेऊन धावत आले. ताटासारख्या उथळ झालेल्या तळ्यात ते मावले नाही. तळ्याचा बांध फुटला आणि खालची आळी माणसांसकट वाहून गेली. लोकांनी बांध पुन्हा घातला, पण पौषातच तळे कोरडे पडले. पुढच्या वर्षी ढग आले आणि डोंगरावरून तसेच निघून गेले.

राणीने जुने नियम पुन्हा लागू केले. आता तीन दिवस पुरणार नव्हते, तीन महिने लागणार होते. गावभर बोलणे सुरू झाले, की बापाने उठवलेली सक्ती लेक लादते आहे. राणी स्वतः कुदळ घेऊन तळ्यात उतरली. पहिल्या दिवशी चाळीस माणसे आली, दहाव्या दिवशी सात. गाळ उन्हाने दगडासारखा झाला होता. तिने डोंगरावर रोपे लावायला माणसे पाठवली. ती माणसे रोपे घेऊनच परत आली, कारण वर आता माती उरली नव्हती.

एक म्हातारी काठावर उभी राहून तिला म्हणाली, "बाई, तुझ्या वडलांच्या राज्यात असं कधी झालं नाही."

राणीच्या तळहातांची सालटी निघाली होती. तिने कुदळ खाली ठेवली. "नाही झालं, आजी. ते त्यांनी माझ्यासाठी आणि तुमच्या नातवंडांसाठी ठेवलं."

म्हातारीला राग आला आणि ती निघून गेली.

चैत्रात लोक गाड्या भरून राज्य सोडू लागले. जाताना ते राजाच्या समाधीपाशी थांबत, नमस्कार करत आणि त्याच्या काळातल्या पाण्याच्या आठवणी काढत. तिथून राजवाड्यापाशी आले, की काही जण राणीच्या दारावर दगड टाकत. राणी आत नसे. ती तळ्यात खणत असे, आणि शेवटी शेवटी एकटीच.

तात्पर्य: आजच्या जयजयकारासाठी राजा जेव्हा उद्याचे पाणी देऊन टाकतो, तेव्हा जयजयकार करणारेही त्या पापात वाटेकरी असतात, आणि त्याची शिक्षा मात्र त्यांच्या लेकरांना होते.