भंतेजींचा द्रोण

"...मग तुम्हीच सांगा भंतेजी, पोरीला घरी शिकवतो, यात मी काय गुन्हा केला?"

विहाराच्या ओसरीवर शीलवान गजभिये तावातावानं बोलत होता. माणूस इंजिनिअर, त्यामुळे आपलं काही चुकत असेल असं त्याला सहसा वाटत नसे. शेजारी त्याची नऊ वर्षांची उत्पला पळसाच्या पानांशी खेळत बसली होती.

"तुझी आई काय म्हणते?" म्हाताऱ्या भंतेजींनी विचारलं.

"बोलणंच टाकलं तिनं. म्हणते, तुझ्या आज्याले वर्गाबाहेर बसवत होते, तरी तो शाळेत गेला. अन् तू पोरीले काढून आणलं?"

"काहून काढलं?"

शीलवानचा आवाज उतरला. "लय प्रश्न विचारायची ही. गुरुजी सारखे गप्प बसवायचे. मग तिनं विचारणंच सोडलं. घरीसुद्धा... मला ते पाहवलं नाही."

"आता विचारते?"

"वर्ष झालं घरी शिकवतो. गणितात दोन इयत्ता पुढं आहे."

"मी ते नाही विचारलं."

शीलवाननं लेकीकडं पाहिलं.

भंतेजींनी एक पान उचललं. "उत्पला, मले द्रोण शिकव बरं."

तिनं पान दुमडून, काडी टोचून दाखवलं. भंतेजींचं पान टरकन फाटलं. दुसरंही फाटलं.

"लक्ष कुठं आहे तुमचं?" पोर फटकन म्हणाली. "किती वेळा सांगायचं? सोपं तं आहे!"

ते बोल कुणाचे, हे शीलवानला लगेच कळलं. रोज सकाळी गणित घेताना तो हेच म्हणायचा. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानं खाली पडलेलं एक पान उचललं.

"मला पण शिकव," तो हळूच म्हणाला, आणि लेकीसमोर मांडी घालून बसला.

त्याचंही पान फाटलं. उत्पला खुदकन हसली. मग ते फाटकं पान उजेडात धरून पाहत राहिली.

"बाबा, हे शिरेजवळूनच काहून फाटते?"

शीलवाननं पान हातात घेतलं, उलटंपालटं केलं. त्याला खरंच माहीत नव्हतं. पण माहीत नाही असं म्हणायची त्याला सवय नव्हती.

"मला... नाही माहीत गं."

"मग पाहू ना!"

तिनं नवं पान घेतलं. आधी उभं ओढलं, मग आडवं. मग हिरवं सोडून वाळकं घेतलं. प्रश्नामागून प्रश्न येत होते, आणि बापाला एकाचंही उत्तर धड देता येत नव्हतं. तरी त्याचा चेहरा खुलला होता.

जायची वेळ झाली तेव्हा त्याला एकदम आठवण झाली. उत्पला भंतेजींना पुन्हा द्रोणाची घडी समजावून सांगत होती.

"भंतेजी, माझं विचारायचं राहिलंच. पोरीला घरी शिकवू, का शाळेत..."

"हळू बोल गा," पानावरची नजर न काढता भंतेजी म्हणाले. "बाई शिकवून रायल्या."