फिका ‘य’

“म्हणजे, काचेला उंचवटे येणार म्हणतोस?”

“नुसते उंचवटे नाहीत, बाई! आणखी दहा वर्षांत काचेवर बोट ठेवलं की रेशीम लागेल, वाळू लागेल. टाइपरायटरची कळसुद्धा! तशीच दबेल.”

उल्हास पुण्याहून मुद्दाम आला होता. फोन-संगणकाच्या पडद्यासाठी, बोटाला स्पर्श देणारी काच त्याच्या हाताखाली तयार होत होती, आणि तिचा नमुना त्याने पिशवीतून आणला होता. टायपिंग तो फलटणच्या या हळबेबाईंकडे शिकला. पुढे साऱ्या जगाने त्याची पाठ थोपटली, पण बाईंनी कधी ‘शाबास’ म्हटलं नाही. तेवढं एक ऐकायचं होतं त्याला.

क्लास आता बंद. यंत्रं उद्या भंगारात जायची होती. एकेकाळी इथे वीस यंत्रं एकदम खडखडायची, खालच्या चहावाल्याला ओरडून चहा सांगावा लागायचा. काय दिवस होते ते!

बाईंनी काचेवर दहाही बोटं ठेवली. डोळे मिटले.

“अगोबाई! कळच की रे ही.”

“मग! आणि तुम्ही मला छळायचात ना, ‘उल्हास, तुझा य फिका, करंगळीत जोर नाही’... इथे कसंही दाबा, अक्षर सारखंच काळंभोर.”

“सारखंच?”

“अगदी. कुणाचंही.”

बाई उठल्या. कपाटातून एक पिवळा पडलेला कागद काढून त्याच्यापुढे धरला.

“ओळख.”

सरावाचा कागद होता. त्याचाच. ‘य’सुद्धा गडद उमटलेला, आणि पूर्णविरामाच्या जागी भोकं.

“हा... बाबा गेले तेव्हाचा.”

“तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी आलास. कुणाशी एक शब्द बोलला नाहीस. तासभर नुसता बडवत होतास.”

“तुम्हीही काही बोलला नाहीत.”

“शाबास त्याच दिवशी म्हणायचं होतं. जीभ रेटली नाही रे.”

उल्हासने कागद हातात घेतला.

“उलटा कर कागद. बोट फिरव.”

मागच्या बाजूला प्रत्येक अक्षर फुगून वर आलं होतं. त्याचं बोट दोन ओळी सरकलं... आणि थांबलं. इतक्या वर्षांनी त्याला बाबांसाठी रडू आलं.

बाईंनी त्याला रडू दिलं. मग टेबलावरचा नमुना उचलून त्याच्या हातात ठेवला.

“आता तुझी काच उलटी कर. बोट फिरव.”