दाभोळचं पाणी

“मग या बेटावर गोडं पाणी नाही, असंच लिहू ना, बाबा?”

त्र्यंबकशास्त्र्यांनी मांडीवर पोथी उघडली होती. लेखणी शाईत बुडवून तयार होती.

यूनुसबाबा फकीर माडाखाली काथ्या वळत बसले होते. उमेदीची वर्षं कोकणच्या बंदरांत गेलेली, त्यामुळे बोली चांगली येत होती.

“तुमच्या अगोदरच्यांनी काय लिहिलंय?”

“एकाने लिहिलंय, तांदूळ सांडावेत तशी ही बेटं समुद्रात सांडली आहेत. दुसऱ्याने लिहिलंय, इथली माणसं एक कान अंथरतात, एक पांघरतात. पण पाणी नाही, यावर सगळ्यांचं एकमत आहे.”

बाबांनी आपला कान चाचपून पाहिला.

“थंडीत बरा पडला असता.”

शास्त्री हसले नाहीत. गलबतं हाकणारे दाभोळचे तांडेल त्यांचा ग्रंथ पाहूनच वाटा ठरवणार होते. पाणी नाही म्हटलं की इथे गलबत थांबणार नव्हतं. आणि गलबत थांबलं नाही तर काथ्याच्या बदल्यात येणारा तांदूळ कुठून येणार? माडाशिवाय बेटावर काही पिकत नव्हतं.

बाबांना हे सगळं ठाऊक होतं. तरी त्यांचे हात संथच चालले होते.

“आम्ही पितो ते काय मग?”

“साठवलेलं पावसाचं. ग्रंथांत तसंच आहे.”

“आणि मी म्हटलं, ते पावसाचं नाही, तर?”

“ऐकीव लिहीत नाही मी. खणून पाहिलंय. तीन पुरुष खोल.”

“तीन पुरुष आणि वर एक हात,” खड्ड्याच्या काठावर पाय चोळत बसलेला नागोजी खलाशी म्हणाला. “शास्त्रीबुवा अजून खण म्हणत होते. मी म्हटलं, पुरे, खाली शेषाची झोप मोडेल.”

“पाणी लागलं?”

“लागलं की. आमटीत मीठ घालायला नको, असं.”

बाबांनी शास्त्र्यांकडे पाहिलं. “वाटेत कुठे ओल लागली होती?”

“हातभरावरच. पण ती वरवरची, बाबा. खरे झरे खाली असतात. ती उपसून टाकायला लावली.”

“चाखली होती?”

“कशाला?”

शास्त्र्यांनी शेजारचा तांब्या उचलला, फडकं सोडलं आणि दोन घोट घेतले. दाभोळचं पाणी. गलबतावर त्यांच्यापुरता वेगळा घडा होता, त्यातलं.

“तो तांब्या जरा द्या.”

शास्त्री घुटमळले. पण म्हातारा माणूस, तहानला असेल... त्यांनी दिला.

बाबा उठले. पलीकडे माडाचं कोवळं रोप होतं, त्याच्या मुळाशी त्यांनी सगळं पाणी घातलं. मग रिकामा तांब्या आणून शास्त्र्यांपुढे ठेवला.

“बाबा, हे काय केलंत... भरती आल्याशिवाय होडी गलबताकडे जायची नाही.”

“भरती यायला दिवस कलेल,” नागोजी म्हणाला.

बाबा पुन्हा काथ्या वळू लागले.

ऊन चढलं. पांढरी वाळू डोळ्यांना खुपू लागली. शास्त्री सावलीबरोबर सरकत राहिले. एकदा त्यांनी तांब्या तोंडावर उपडा करून पाहिला...

बाबांचा दुपारचा नमाज झाला.

शेवटी शास्त्र्यांनी पोथी मिटली. जवळ पडलेली करवंटी उचलली आणि बसल्या जागीच वाळू उकरायला लागले. पंचाचं टोक वाळूत लोळत होतं, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

हातभर गेल्यावर वाळू गार लागली.

विरजलेल्या दह्यातली एक कवडी काढावी आणि त्या खळग्यात हळूच पाणी सुटावं, तसं पाणी सुटलं. निवळशंख.

करवंटी थांबली. शास्त्री ओणवे झाले. एक ओंजळ... मग दुसरी...

नागोजी उगीच समुद्राकडे पाहत राहिला.

बऱ्याच वेळाने शास्त्र्यांनी ओल्या हातांनीच पोथी उघडली. ‘येथे गोडे पाणी आहे,’ एवढं लिहिलं. शाई थोडी पसरली. ती त्यांनी पुसली नाही.

मग लेखणी अडली.

“बाबा, तांडेल विचारतील. किती खोल लिहू?”

बाबांनी वळलेल्या दोरीला गाठ मारली.

“तहानलेला माणूस थांबेल, तेवढं.”