मेंढरांनी तुडवलेला बांध

खडकसरच्या तळ्यावर नवा पाहुणा आला, की हमखास विचारतो, बांध कुठे आहे? विचारतो तेव्हा तो बांधावरच उभा असतो. त्याचा दोष नाही. इथे चिरेबंदी भिंत नाही, घाट नाही, कमान तर नाहीच. गवताने झाकलेला, तीनशे पावलं लांबीचा मातीचा उंचवटा, एवढंच काय ते. पण आजूबाजूच्या सात गावांच्या विहिरी चैत्रात तळ दाखवतात, तेव्हा आमच्या तळ्यात म्हशी डुंबत असतात. हा बांध मेंढरांनी घातला. हसू नका, आधी ऐकून घ्या.

फार पूर्वी या गावी रायाजी पाटील होता. माणूस मनाने मोठा, पण उतावळा, गुडघ्याला बाशिंग बांधणारा. गावाला पाणी नाही म्हणून त्याने ओढ्यावर बांध घालायचं ठरवलं आणि एका उन्हाळ्यात घातला. पाच गावचे लोक आणले. टोपल्यांना वेग यावा म्हणून दोन्ही टोकांना ढोल वाजत होते म्हणे. मृगात पाणी साठलं, तेव्हा वाजतगाजत जाऊन तळ्याची ओटी भरली. त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी बांध फुटला. खालच्या माळावर धुळा धनगराचा वाडा बसला होता, म्हणजे त्याची मेंढरं आणि पाल. धुळा गेला, चाळीस मेंढरं गेली. त्याची बायको ठकूबाई उरलेली मेंढरं घेऊन डोंगरावर होती, म्हणून तेवढी वाचली.

ठकूबाईने पाटलाला शिव्या दिल्या नाहीत, याचंच लोकांना नवल वाटलं. ती तीन दिवस फुटक्या बांधापाशी बसून राहिली. तिसऱ्या दिवशी तिच्या ध्यानात आलं, की सगळी माती धुपून गेली, पण दक्षिणेकडचा चार हात रुंदीचा तुकडा तसाच उभा आहे. तिने काठी रोवून पाहिली. काठी जाईना. मग तिला आठवलं, काम चाललं होतं तेव्हा धुळा रोज तिथूनच मेंढरं पाण्यावर न्यायचा आणि टोपल्या अडतात म्हणून मजूर त्याच्यावर खेकसायचे. मेंढराचा खूर लहान, पण त्याचा भार नेमका पडतो. धुळ्याच्या मेंढरांनी तुडवलेली माती तेवढी राहिली आणि धुळा मात्र गेला, हे तिच्या फार जिव्हारी लागलं.

पाटील पुढच्या उन्हाळ्यात आणखी मोठा बांध घालायच्या तयारीत होता. ठकूबाई चावडीवर गेली आणि म्हणाली, बांध मी घालते. चार बोटं मातीचा थर टाकायचा, त्यावरून मेंढरं फिरवायची, काठी रुतेनाशी झाली की पुढचा थर. असा वर्षाला एक हात बांध चढेल, त्याहून जास्त नाही, कारण दर हातभर भरावाने एक पावसाळा खाल्ला पाहिजे.

पाटलाने हिशोब घातला. “म्हंजी ईस-पंचवीस वर्सं. तवर म्या जगतोय का न्हाई कुणाला ठावं?”

“तुमी नसाल, मी नसंन,” ठकूबाई म्हणाली. “पाणी पिणारी तर असतील.”

चावडी हसली. पण धुळ्याचं मरण पाटलाच्या मनावर होतं. तो हो म्हणाला.

काम सुरू झालं ते दसऱ्याला. माती तेव्हा ओलसर असते आणि धनगरांचे वाडे दिवाळी करून मगच चाऱ्याच्या मुलखाला निघतात. घरटी रोज एक टोपली माती, पाटलाच्या घरचीसुद्धा एकच. मागून मेंढरं, सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत. पहिल्याच दिवशी कुणीतरी हौसेने ढोल आणला. ठकूबाईने तो बिरोबाच्या देवळात उपडा घालून ठेवायला लावला. ढोल वाजला की मेंढरं बुजतात, बुजली की पळतात आणि पळत्या पायाने माती बसत नाही, असं तिचं म्हणणं. पावसाळ्यात ती आपला वाडा बांधाच्या खालीच बसवायची, जिथे धुळ्याचा होता तिथेच. दुसऱ्या जागा होत्या, पण ती ऐकत नसे.

अकरा वर्षं असं चाललं. थोडं थोडं पाणी साठू लागलं, विहिरी ओलावल्या. शेजारची गावं मात्र चिडवायची, की खडकसरचा बांध गोगलगाय ओढते. ते पाटलाला सोसेना. बाराव्या वर्षी ठकूबाई मेंढरं घेऊन नदीकाठी गेलेली असताना त्याने पुन्हा ढोल लावले आणि तिच्या बांधावर दीड पुरुष उंचीचा मातीचा ढीग चढवला. ज्येष्ठात ती परतली, ढीग पाहिला आणि खाली बसली. उतरवा म्हणाली. पण मृग दारात आलेला, उतरवणार कधी?

श्रावणात पाच दिवस सलग पाऊस लागला. सहाव्या दिवशी सकाळी पाणी ढिगाला भिडलं, ढीग पाझरू लागला. गावाला धुळ्याचा दिवस आठवला. बांध स्वतःच तोडून पाणी सोडून द्यावं, असं सगळ्यांच्या मताने ठरलं आणि माणसं कुदळी घेऊन आली. पाटील पुढे होता. बांध तोडला असता, तर अकरा वर्षं एका सकाळीत गेली असती आणि तिसऱ्यांदा टोपली उचलायला गावातून कोणी आलं नसतं. ठकूबाईला हे कळत होतं.

तिने मेंढरं पोराबाळांसकट टेकाडावर पाठवली. मुकी जनावरं, त्यांच्या जिवावर पैज लावायची नाही. मग ती बांधाच्या पायथ्याशी गेली आणि आपल्या पालात जाऊन बसली.

पाटील वरून म्हणाला, “ठकूबाई, वर या. माझ्यापायी तुमच्या घरचा एक जीव गेला, दुसरा नको.”

ती म्हणाली, “पाटील, ढीग तुमचा हाय, त्यो जाईल. बांध गावाचा हाय, त्यो ऱ्हाईल. खणायचाच आसंल तर खणा, मी हितंच हाय.”

कुणाची कुदळ उचलली गेली नाही. दुपारी ढीग सुटला. दीड पुरुष माती घटकाभरात वाहून गेली आणि लाल पाणी पालातून कमरेइतकं धावलं. ठकूबाईने पालाची मेढ दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. मग पाणी गुडघ्यावर आलं, घोट्यावर आलं. लोकांनी वर पाहिलं, तर जुना बांध जसाच्या तसा होता आणि त्याच्या माथ्यावरून वीतभर पाणी शांतपणे उतरत होतं. त्याची एक कडही ढासळली नव्हती.

पाटील खाली उतरला. पागोटं काढून तिच्यापुढे उभा राहिला आणि सगळ्या गावासमोर रडला. त्या दसऱ्याला पहिली टोपली त्याने स्वतःच्या डोक्यावर वाहिली. पुढे त्याने बांधावर ठकूबाईच्या नावाचा दगड बसवायचं मनात आणलं, तर तिने तेही होऊ दिलं नाही. “नावाचा दगड आला, की लोक दगडाला हात जोडत्याल आन टोपली इसरत्याल,” असं ती म्हणाली. आणखी सहा वर्षांनी ती गेली. बांध तेव्हा हवा तेवढा उंच झाला नव्हता. त्या वर्षी तिची मेंढरं कोणी फिरवायची यावरून भावकीत भांडण झालं, पण थर चुकला नाही.

म्हणून इथे तिचं देऊळ नाही, समाधी नाही. वारा-पाऊस वर्षाला जेवढी माती नेतो, तेवढी गाव परत घालतं. आजही दसरा ते दिवाळी घरटी एक टोपली येते, मागून मेंढरं चालतात, आणि ज्या धनगरांचा ढोल तीन कोसांवर ऐकू जातो, ते त्या दिवसांत तोंडातून शीळही काढत नाहीत. त्याच्या पाण्यावर गाव नांदतं, आणि बांध पुरा झाला असं आजवर खडकसरच्या एकाही माणसाने म्हटलेलं नाही.