मानाजीराजांना घाई झाली

वडगिरीहून नांदसरला नवे रूळ टाकून वेगाची गाडी हवी म्हणून लोक दरबारात आले आणि मानाजीराजांनी साफ नकार दिला.

"आहे ती गाडी काय वाईट आहे?" राजे लोडाला टेकून म्हणाले. "सकाळी बसा, डुलकी काढा, शिदोरी सोडा, शेतं बघा. दिवस कलला की नांदसर! एवढी घाई झालीय कुणाला?"

दिवाण भिकाजीपंतांनी मान डोलावली. राजांची मान हलली की त्यांची आपोआप हलायची. "शिवाय सरकार, निम्मे डबे रिकामे जातात. नवे रूळ टाकायचे कुणासाठी?"

"रिकामे जातील नाहीतर काय!" मागून आवाज आला. "माणसं बैलगाडीनं पुढं निघून जातात!"

दरबारात हशा पिकला. बोलणारी होती बकुळा, शाहीर येसाजीची लेक. नांदसरच्या फडातल्या रंगनाथशी तिचं लग्न ठरत आलं होतं; पण येसाजीच अडून बसला होता. "त्या गाडीनं लेक धाडायची म्हणजे वर्षातनं एकदा तोंड दिसायचं. चांगले रूळ झाले तर लग्न, नाहीतर इथलाच मुलगा बघतो!" असं त्यानं तिला बजावलं होतं. बकुळाचा जीव त्या न टाकलेल्या रुळांवर टांगलेला होता.

राजे मिशीतल्या मिशीत हसले. "पोरी, घाई हा रोग आहे. आम्हाला तो जन्मात झाला नाही. आमच्या तोंडून 'लवकर' एवढा एक शब्द काढून दाखव. दाखवलास तर रूळ टाकले म्हणून समज!"

"आग लागली, साप निघाला, असली खोटी ओरड चालायची नाही," पंतांनी जोडून दिलं. "आणि हरलीस तर रुळांचं नाव पुन्हा कुणी काढायचं नाही!"

"कबूल!" बकुळा म्हणाली. येसाजीनं कपाळाला हात लावला.

पुढच्याच आठवड्यात नांदसरची जत्रा होती. राजे दरवर्षी जत्रेला जात आणि वाटेत करमणूक म्हणून शाहिराला आपल्या खास डब्यात घेत. यंदा येसाजीबरोबर बकुळाही आली. गाडी सुटली. सुटली म्हणजे काय, हलली. बकुळानं डफावर थाप मारली.

"सरकार, नांदसरच्या फडानं वडगिरीला सवाल टाकलाय," ती म्हणाली आणि खड्या आवाजात गायली:

"मालक आहे, हुकूम नाही,
बसलाय, पण घरात नाही,
निघालाय, पण पोचत नाही,
सांगा शहाण्यांनो, हा कोण?"

राजे सरसावून बसले. सवाल-जवाब म्हणजे त्यांचा जीव की प्राण! कसलाही सवाल असो, आपण चुटकीसरशी सोडवतो अशी त्यांची ख्याती होती, निदान पंत तरी तसं सांगत.

"देवळातला देव!" राजे म्हणाले.

"देव कुठं निघालाय, सरकार?"

"घरजावई!" पंत म्हणाले.

"तो तर कवाचा पोचलाय!"

राजांनी बोटं मोडली, पगडी काढली, पुन्हा घातली. "बरं, तूच सांग."

"तसं कसं? सवाल नांदसरचा. आपल्याला सुटला नाही तर जवाब नांदसरच्याच मातीवर फुटायचा, ही फडाची रीत. वाटेत सांगितला तर माझ्या बापाची शाहिरी गेली!"

येसाजीनं जोरजोरात मान हलवली. रीत मोडणं राजांनाही शोभलं नसतं. ते खिडकीबाहेर बघू लागले. एका म्हातारीनं हात केला, गाडी थांबली. म्हातारी चढली, तिची शेळी चढेना. शेळीची समजूत घालून गाडी निघाली, तर पुढं रुळांवर म्हशी! राजांनी विड्याचा डबा उघडला आणि विडा न घेताच मिटला.

"नांदसर आलं का?"

"अजून अर्धी वाट नाही झाली, सरकार," बकुळा गोड आवाजात म्हणाली आणि सवाल पुन्हा पहिल्यापासून गायली.

थोडं पुढं गेल्यावर गाडी मोकळ्या माळावर उभी राहिली. बराच वेळ झाला तरी हलेना. राजांनी खिडकीतून डोकं काढलं. इंजिनवाला बोरीच्या झाडाखाली उभा राहून बोरं झाडत होता!

"अरे ए! बोरं कसली खातोस? चल, लवकर हाक!"

पंतांनी डोळेच मिटून घेतले. बकुळानं डफावर अलगद एक थाप दिली.

राजे हळूच डोकं आत घेऊन बसले. "निसटला खरा शब्द," ते म्हणाले. "पण पोरी, एका सवालासाठी आम्ही एवढे रूळ टाकायचे?"

"सरकार, तुमचा एक जवाब नांदसरला अडकला, तर तुम्ही पगडी काढलीत. कुणाची बाळंतपणाला अडलेली लेक तिकडं असती, कुणाची फुलं टोपलीत सुकत असत्यात. त्यांनी काय काढावं?"

नांदसरला गाडी थांबताच राजे उडी मारून फलाटावर उतरले. "आली नांदसरची माती! आता बोल, तो कोण?"

बकुळा खाली उतरली, वाकून मुजरा केला आणि म्हणाली, "आपल्याच गाडीत बसलेले आपणच, सरकार!"

राजांनी मनात एकेक ओळ लावून पाहिली आणि असे खदखदून हसले की जत्रेची माणसं गोळा झाली. "निघालाय, पण पोचत नाही! पंत, रूळ टाका! आणि शाहीर, लग्नाची तयारी करा, खर्च आमचा!" त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून बकुळाला दिलं.

येसाजी मात्र डोकं खाजवत उभा होता. "सरकार, रूळ चांगले झाले आणि ही दर आठवड्याला माहेरी येऊन बसली तर?"

"काळजी कशाला, आबा?" बकुळा म्हणाली. "गाडी दोन्हीकडनं धावती. मी आले की तुम्ही माझ्या जागी इकडं येऊन माझ्या सासूची भांडी घासा!"

राजे हसता हसता बाकावरच बसले आणि नव्या गाडीचं पहिलं तिकीट त्यांनी येसाजीच्या नावानं फाडायला सांगितलं.